चावी बंद, डबा बंद

कॉलेजात माझ्या हुद्द्याचं नाव 'तांत्रिक सहायक' असं होतं. त्याचा अर्थ माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत कळला नाही. पाहुण्यांना ते ऐटीत सांगत, "जावई इंजिनिअरिंग कॉलेजात आहेत," आणि पाहुण्यांनी पुढचा प्रश्न विचारायच्या आत चहाचं बघायला आत जात. खरं म्हणजे प्राध्यापकांनी फळ्यावर काढलेली गोष्ट टेबलावर चालवून दाखवायची, एवढंच माझं काम. फळ्यावरची आकृती कधी जळत नाही. टेबलावरची जळते, मग धूर निघतो आणि 'ढवळेंना बोलवा' अशी हाक येते. यवतमाळच्या त्या कॉलेजात बत्तीस वर्षं मी ही हाक ऐकली. मधल्या काळात प्राचार्यांच्या बंगल्यावरचा मिक्सरही माझ्याकडेच येत राहिला. प्राचार्य चार बदलले, मिक्सर तोच होता.

मला स्वतःचा एकच गर्व होता, तो सोल्डरिंगचा. दोन तारा कथलाने जोडायच्या, एवढंच ते काम. पण मी जोडलेला सांधा सुटत नाही. लग्नात नवरा-नवरीला आशीर्वाद देताना आमच्या स्टाफरूममध्ये 'ढवळेंच्या सांध्यासारखा टिको' असं म्हणायची पद्धत पडली होती. हा गर्व पुढे मला कसा भोवला, तेच आज सांगायचं आहे.

माझ्या निवृत्तीला काही महिने राहिले होते तेव्हाची गोष्ट. एम.टेक.च्या शेवटच्या वर्षाला शीतल राठोड नावाची मुलगी होती. वडील रामधन राठोड यवतमाळ ते बोरी अरब काळी-पिवळी चालवत. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, काळी-पिवळी म्हणजे वडापची जीप. तिच्यात माणसं किती बसतात हे कागदावर एक असतं, रस्त्यावर वेगळं असतं.

शीतलचा विषय होता, धावत्या गाड्यांमधला निरोप. आपण मोबाइलवर बोलतो तेव्हा मध्ये कुठेतरी टॉवर उभा असतो. टॉवर नसेल तर गाड्यांनीच एकमेकींना निरोप द्यायचा. या गाडीने मागच्या गाडीला, मागचीने तिच्या मागच्या गाडीला, असं करत पुढे कुठे अपघात झाला आहे ते सगळ्यांना कळावं. कल्पना चांगली आहे. पंचाईत एवढीच की गाड्या पळत असतात. आत्ता शेजारी असलेली गाडी दोन मिनिटांनी शेजारी नसते. मग निरोप नेमका कोणाच्या हाती सोपवायचा, हे ठरवायचे नियम असतात. त्यांना राउटिंग प्रोटोकॉल म्हणतात. जगभरच्या विद्वानांनी असे ढिगाने नियम काढून ठेवले आहेत, आणि त्यांतला चांगला कोणता यावर त्याहून मोठ्या ढिगाने प्रबंध लिहिले आहेत.

असे प्रबंध आमच्या कॉलेजातही दरवर्षी होत. सगळे संगणकाच्या आत. पडद्यावर चौकोनी रस्ते काढायचे, त्यावर ठिपके सोडायचे आणि ठिपक्यांना गाड्या म्हणायचं. संगणकातली गाडी पंक्चर होत नाही, रस्त्यात म्हैस आली म्हणून थांबत नाही, मागे राहिलेल्या पिशवीसाठी अर्धा किलोमीटर उलटी येत नाही. शेवटचा निष्कर्षही ठरलेला : काही परिस्थितीत ही पद्धत बरी, काही परिस्थितीत ती. हे वाक्य मी इतक्या प्रबंधांत वाचलं होतं की बांधणीवाल्याने ते आधीच छापून ठेवलं असतं तरी चाललं असतं.

शीतल म्हणाली, "काका, मी ठिपके नाई पळवनार. बाच्या लाईनीत एवढ्या गाड्या आहेत, त्याहिच्यावर डबे लावू."

तिचे मार्गदर्शक देवतळे सर. त्यांना आलेखांची फार आवड. खऱ्या रस्त्यावरचा आलेख म्हटल्यावर ते लगेच कबूल झाले. डबे मी बनवायचे ठरले. दहा डबे, प्रत्येकावर एक अँटेना, एक लाल दिवा आणि एक हिरवा. लाल म्हणजे डबा जागा आहे, हिरवा म्हणजे निरोप पोचला. निवृत्तीपूर्वीचं शेवटचं काम म्हणून मी ते देवघरातली भांडी घासावीत तसं केलं. एकेक सांधा भिंगातून तपासला.

मग आम्ही स्टँडवर गेलो. स्टँडवर नंबर लागतो, गाडी भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे ड्रायव्हर लोकांना ऐकायला वेळ भरपूर असतो. शीतलने एका टायरवर बसून तिन्ही पद्धती समजावल्या. बत्तीस वर्षांत मी एकाही प्राध्यापकाला हा विषय इतका सोपा करताना ऐकलं नव्हतं.

"पहिल्या पद्धतीत डबा सगळ्यायची खबर ठेवते," ती म्हणाली. "कोन कोनाजवळ आहे, कोनाच्या हातून कोनाले निरोप जाईन, सारं पाठ. काम असो नसो, घडीघडी चौकशी चालूच."

"ये तो हमारी बडी भाभी है," गफ्फारभाई म्हणाले. गफ्फारभाई या लाईनीतले सर्वांत जुने ड्रायव्हर. "घरी बसून साऱ्या मोहल्ल्याची खबर."

"दुसरा डबा गप्प बसते. निरोप द्यायचा असला की तवाच बोंबलते, अमका कुठी आहे बाप्पा? ज्यानं ऐकलं तो पुढच्याले विचारते. पत्ता लागला की निरोप गेला. मंग पुन्हा गप्प."

"हा तं कोतवाल," कोणीतरी म्हणालं. गावात दवंडी देणाऱ्या कोतवालाला सगळ्यांनी पाहिलेलं होतं.

"तिसऱ्याले फक्त आपली जागा अन् दिशा कळते. बोरीले निरोप धाडायचा तं आपल्याहून बोरीच्या जवळ जो दिसन, त्याच्या हाती देऊन मोकळा."

"नाकाची सीध," रामधन म्हणाला. "अन् समोर कोनीच नसन तं?"

"तं फसते, बा."

"मले वाटलंच."

अशी त्या तीन पद्धतींची नावं पडली : भाभी, कोतवाल आणि नाक. पुढे प्रबंधात इंग्रजी नावं आली खरी, पण आम्ही आपसात हीच वापरली. देवतळे सरही एकदा मीटिंगमध्ये 'भाभीचा परफॉर्मन्स' म्हणाले आणि मग बराच वेळ खोकले.

आता चुकीकडे येतो. डब्याला वीज गाडीच्या बॅटरीतून घ्यायची होती. ड्रायव्हर मंडळींची एकच शंका. "मास्तर, रातभर डबा चालू राह्यला अन् बॅटरी बसली, तं सकाऊन गाडीले धक्का कोन मारन? तुमी येसान?"

मी हसलो. असल्या शंकांची उत्तरं देण्यातच माझं आयुष्य गेलं होतं. मी म्हणालो, "डब्याची वायर मी चावीतून घेतो. गाडीची चावी फिरवली की डबा चालू. चावी बंद, डबा बंद."

हे वाक्य स्टँडला इतकं आवडलं की त्याची म्हणच झाली. कोणी जेवायला बसला आणि बोलेना, की दुसरा म्हणे, "चावी बंद, डबा बंद." मला अर्थातच धन्य वाटलं. त्यात एक बारीक गोष्ट होती. वीज गेल्यावर पुन्हा आली, तर डब्याला भानावर यायला पाऊण मिनिट लागे. पण चावी बंद म्हणजे गाडी उभी, आणि उभ्या गाडीला कसली घाई, असा माझा हिशेब.

पुढचे तीन आठवडे मोठ्या गमतीचे गेले. एक आठवडा सगळ्या डब्यांत भाभी, पुढच्या आठवड्यात कोतवाल, शेवटी नाक. कुठल्या आठवड्यात कोण आहे यावर स्टँडवर चहाच्या पैजा लागत. गफ्फारभाईंनी अँटेनाला लिंबू-मिरची बांधली. एका म्हाताऱ्या सवारीला वाटलं डब्यात रेडिओ आहे. ती लोहाऱ्यापासून बोरीपर्यंत 'लावा ना बाप्पा' म्हणत राहिली, आणि उतरताना रामधनला 'मक्खीचूस' म्हणून गेली. दुसऱ्या एका सवारीने डबा सरकारी समजून त्याच्यासमोर आपल्या गावच्या पाण्याची तक्रार सविस्तर सांगितली.

निकाल आला आणि देवतळे सरांचे डोळे पाणावले. पोचलेल्या निरोपांच्या आलेखात कोतवालाची रेघ सरळ वर गेली होती. भाभी आणि नाक खाली लोळत होते. 'काही परिस्थितीत ही, काही परिस्थितीत ती' असलं काही नाहीच, सरळ निकाल. सरांनी तो आलेख मोठा छापून केबिनमध्ये लावला. प्रबंध काळ्या बांधणीत सोनेरी अक्षरांत तयार झाला, विद्यापीठात गेला आणि तोंडी परीक्षेची तारीख ठरली. पुण्याच्या एका कंपनीने शीतलला घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच, त्याच महिन्यात उत्तीर्ण झाल्याचा कागद हवा. राठोडांच्या घरात पुण्याला जाऊन नोकरी करणारं ती पहिलंच माणूस ठरणार होती. तिच्या आईने शेजारपाजारी सांगूनही टाकलं होतं.

परीक्षेच्या पाच दिवस आधी मी डबे काढून आणायला निघालो. नऊ स्टँडवरच काढले. दहावा रामधनच्या गाडीत होता आणि गाडीचा नंबर लागलेला होता. तो म्हणाला, "बसा मास्तर, बोरीले जाऊन येऊ, मंग काढा." मी त्याच्या शेजारी बसलो. इतक्या महिन्यांत डबा लावलेल्या गाडीतून मी एकदाही प्रवास केला नव्हता. टेबलावरचा माणूस मी, रस्त्यावर माझं काय काम?

लोहारा मागे पडला आणि काही वेळाने एक लांबलचक उतार लागला. रामधनने गिअर काढला आणि अगदी सहज, खिशातली तंबाखूची पुडी काढावी तशी, चावी फिरवून गाडी बंद केली. एकदम शांत झालं. मागे बसलेल्या बायांचं बोलणं स्पष्ट ऐकू यायला लागलं. गाडी आपली घरंगळत होती. माझ्या समोरचा लाल दिवा विझला होता.

"हे काय केलं?" मी ओरडलोच.

"कुठं काय?"

"गाडी काहून बंद केली?"

"उतार आहे ना मास्तर. उतारावर गाडी आपल्या पायानं जाते. तिले डिझल कायले पाजायचं?"

"रोज बंद करता?"

"रोज म्हंजे? हरेक फेरीले."

"डबे लावले होते तेव्हाही?"

"हाव जी. मी म्हनलं, डब्यालेही तेवढाच आराम."

"आणि बाकीचे?"

"सारेच. या लाईनीत उतारावर जो इंजिन चालू ठेवीन, त्याले लोक नवशिक्या म्हनतात."

उतार संपला. त्याने गाडी गिअरमध्ये टाकली, चावी फिरवली, इंजिन खाकरलं. लाल दिवा लागला नाही. मी घड्याळ लावलं. पाऊण मिनिटानंतर लागला. 

काय झालं होतं ते सांगतो. भाभीचं सगळं बळ तिच्या पाठ असलेल्या खबरांत. झोपून उठली की तिला काहीच आठवत नाही, पुन्हा सगळ्या मोहल्ल्याची चौकशी पहिल्यापासून. नाकाचं त्याहून वाईट. उठल्यावर आपण कुठे आहोत हेच त्याला ठाऊक नसतं, ते आभाळातल्या उपग्रहांना विचारत बसतं. आणि कोतवाल? त्याला मुळात काही पाठच नसतं, मग विसरणार काय? उठला की लागला बोंबलायला. म्हणजे आमच्या त्या देखण्या आलेखाने तीन पद्धतींची तुलना केलीच नव्हती. डुलकी काढून उठल्यावर कोण लवकर सावरतं, एवढंच मोजलं होतं. आणि ती डुलकी माझ्या वायरीने दिली होती.

 रामधन माझ्याकडे बघून म्हणाला, "मास्तर, एक करा. शीतलच्या मायले हे सांगू नका. मांगं एकदा अशीच बंद गाडी उतारावरून तुरीच्या वावरात गेलती. कोनाले लागलं नाई, पन तवा घरी लय गदारोळ झालता. शीतलच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती मी, का आता बंद नाई करनार. पोरीलेही सांगू नका."

मी वचन दिलं. त्या क्षणी मला ते अगदी सोपं वाटलं. कारण मलाही कोणाला काही सांगायचं नव्हतं.

हे लिहायला बरं वाटत नाही, पण लिहितो. दोन दिवस मी गप्प बसलो. मनाशी म्हणालो, प्रबंध गेला, आलेख गेला, परीक्षा झाली की पोरगी पुण्याला जाईल. भाभीवर अन्याय झाला म्हणून कोणी कोर्टात जाणार नाही. शेवटी राहवेना म्हणून देवतळे सरांना आडून विचारलं. त्यांनी भिंतीवरच्या आलेखाकडे पाहिलं आणि म्हणाले, "ढवळे, परीक्षक आलेख बघतात, उतार बघत नाहीत. तुम्ही आता निवृत्तीचा अर्ज नीट भरा."

मग मी शीतलकडे गेलो. ठरवून गेलो होतो की अंदाज घ्यायचा, बापाचं नाव काढायचं नाही. म्हणालो, "शीतल, ते डबे मधूनमधून बंद पडत असतील का गं?"

ती संगणकावरून मान वर न करता म्हणाली, "पडत होते ना. नोंदीत दिसते."

"मग?"

"काका, राग नका मानू. मले वाटलं तुमचं सोल्डरिंग ढिलं झालं असन. आता नजर पहिल्यासारखी राहत नाई मानसाची. रिटायर व्हायले दोन महिने राह्यले, अशा वक्ताले तुमाले कायले दुखवायचं? म्हनून मी डबा बंद असतानाच्या तेवढ्या नोंदी 'डब्यातला बिघाड' म्हनून बाजूले काढून ठेवल्या. कोनाले सांगतलं नाई."

मला आधी ऐकू आलं तेच खरं वाटेना. माझं सोल्डरिंग! बत्तीस वर्षं! या कार्टीने माझ्यावर दया दाखवली होती. मी टेबलावर हात आपटला आणि म्हणालो, "माझा सांधा ढिला? अगं, तुझा बाप उतारावर गाडी बंद करतो!"

रामधनला दिलेलं वचन असं दोन दिवस टिकलं.

शीतलने नोंदी पुन्हा उघडल्या. या वेळी तिने नकाशा शेजारी ठेवला. वाटेत प्रत्येक डबा एकाच ठिकाणी झोपला होता, यवतमाळहून जाताना, त्याच उतारावर. येताना एकदाही नाही. वडिलांच्या डब्याची नोंद ती बोटाने मोजत गेली.

"माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती बानं," ती म्हणाली. आधी ती हसली, मग तिचा चेहरा उतरला. "दिवसातून चार खेपा, काका. माझ्या डोक्याचं काही खरं नव्हतं म्हना की."

मी तिला समजावलं. म्हणालो, परीक्षा होऊन जाऊ दे, कागद हाती येऊ दे, मग हवं तर दुरुस्ती कळवू. खरंच असं म्हणालो मी. वयाने मोठा माणूस तरुण माणसाला जो सल्ला देतो, त्यात स्वतःची कातडी किती असते ते त्या दिवशी मला दिसलं. वायर माझी होती ना!

ती म्हणाली, "मंग मी काय तपासलं, काका? ठिपकेच पळवले असते तं काय वाईट होतं? निदान ठिपक्यायनं चावी तं बंद केली नसती."

हातात दोन दिवस होते. मी चार गाड्यांवर पुन्हा डबे चढवले, या वेळी वायर थेट बॅटरीतून, रात्री ती सोडवून ठेवायची, आणि पद्धत दर फेरीला बदलायची. रामधनची गाडी वगळली, नाहीतर त्याने कारण विचारलं असतं. गफ्फारभाईंना मात्र मी सगळं सांगितलं. "मास्तर, एवढंच होतं? बोलले असते तं चालू ठेवली असती ना चावी! आपल्याले कोनी विचारलंच नाई." हे वाक्य मला अजून टोचतं. मी अँटेनाची उंची विचारली होती, सीटची लांबी विचारली होती. गाडी कशी चालवता, हे कोणी विचारलंच नव्हतं.

दोन दिवसांच्या फेऱ्यांतून जो आलेख निघाला तो बघून देवतळे सर खुर्चीत बसले. भाभी वर आली होती. त्या लाईनीत गाड्या मोजक्या, वेळा ठरलेल्या, सगळ्यांची खबर ठेवणारीलाच तिथे मजा. कोतवाल अधूनमधून तिला गाठत होता, नाक मध्येच कुठेतरी. तिन्ही रेघा चिवड्यासारख्या एकमेकींत मिसळल्या होत्या.

"हा आलेख दाखवणार?" सर म्हणाले.

"दोन्ही दाखवनार, सर," शीतल म्हणाली.

तोंडी परीक्षेला आमच्याकडे पालक सहसा येत नाहीत. पण त्या दिवशी मागच्या बाकावर रामधन इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसला होता आणि शेजारी शीतलची आई. तिला शीतल गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, 'याडी' म्हणते. याडीने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि मांडीवर पेढ्यांचा डबा होता. परीक्षक नागपूरचे होते, बारीक चष्म्याचे, फार न बोलणारे.

शीतलने पहिला आलेख दाखवला. परीक्षकांनी मान डोलावली. तिने दुसरा दाखवला. परीक्षकांनी चष्मा काढला.

"हे दोन्ही एकाच रस्त्यावरचे?"

"हो सर. पहिल्या वेळी डबे मध्येच बंद पडत होते. त्याचं कारण मला प्रबंध दिल्यानंतर कळलं."

"का बंद पडत होते?"

शीतलने एकदा मागच्या बाकाकडे पाहिलं. "उतारावर गाड्या बंद करतात, सर. या लाईनीतले सगळे."

"सगळे?"

याडीची मान हळूहळू नवऱ्याकडे वळली. मी उभा राहिलो. "सर, चूक वायरिंगची आहे. वायर चावीतून मी घेतली. मी तांत्रिक सहायक."

तेवढ्यात रामधनही उठला. "सायेब, मास्तरची काही चूक नाई. गाडी मीच बंद करत होतो. पन ब्रेक लागते जी बंद गाडीलेही. थोडा जोर लावा लागते, एवढंच."

ही शेवटची माहिती त्याला कोणी विचारली नव्हती. याडी गोरबोलीत काहीतरी म्हणाली. मला त्यातला एकही शब्द कळला नाही, पण अर्थ आम्हा सगळ्यांना कळला. रामधन खाली बसला.

परीक्षक बराच वेळ प्रबंध चाळत राहिले. शेवटी म्हणाले, "मुली, हा मी आज पास करू शकत नाही. पहिला आलेख तूच खोटा ठरवलास आणि दुसऱ्यात चारच गाड्या आहेत. एक महिना देतो. दहाही गाड्या, तिन्ही पद्धती, पुन्हा." मग थांबून म्हणाले, "मात्र पुन्हा मलाच बोलवा. मला बघायचं आहे."

एक महिना म्हणजे पुण्याची नोकरी गेली. ती खरोखरच गेली. कंपनी थांबली नाही. पुढे सहा-सात महिन्यांनी शीतलला दुसरी लागली, तीही चांगली. पण मधले ते महिने याडीने शेजारपाजारच्यांना कशी उत्तरं दिली असतील, याचा विचार आला की मला माझी ती झोकदार वायर आठवते आणि वाईट वाटतं. त्या घराची माफी मी मागितली आहे. त्यांनी ती हसण्यावारी नेली, पण म्हणून माझं ओझं कमी झालं असं नाही.

परीक्षेनंतर रामधन म्हणाला, "चला मास्तर, बोरीले घरी जेवाले." नाही म्हणायची हिंमत मला झाली नाही. गाडीत आम्ही चौघेच. मागे शीतल आणि मी, मध्ये न उघडलेला पेढ्यांचा डबा. पुढे रामधन, आणि नेहमी मागे बसणारी याडी त्या दिवशी न विचारता पुढे बसली. लोहारा मागे पडला. शीतल खिडकीतून बाहेरची कपाशी बघत होती. तिचे डोळे लाल होते.

उतार आला. रामधनचा हात सवयीने चावीकडे गेला. पण तिथे आधीच याडीचा हात होता. तिने मूठ घट्ट आवळून चावी धरली होती आणि नजर सरळ रस्त्यावर होती. रामधनने हात मागे घेतला. इंजिन तसंच चालू राहिलं. तो सबंध उतार गाडी आवाज करत उतरली. खालच्या पुलापर्यंत याडीने हात काढला नाही.

पूल गेल्यावर रामधनने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "मास्तर," तो म्हणाला, "उद्या सकाऊन या. पयला डबा माह्याच गाडीले लावा."